दुसऱ्या दिवशीचा उपास

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात रात्री ताबा सुटून खाल्ल्याचे वर्णन चार ओळींत आटोपले आहे आणि स्वतःला दिलेली दूषणे मात्र दीड पान भरून आहेत. त्यांच्यामध्ये तू घाईघाईने लिहून गेलास, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात काही घातले नाही. मला खरी काळजी त्या वाक्याची वाटते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझेही हेच होत असे. वरिष्ठांचे बोलणे जिव्हारी लागले, की घरी येऊन चपलाही न काढता डबा उघडायचा, ताट न घेता उभ्याउभ्या खात सुटायचे, आणि बोटे तळाला लागली की मग भानावर यायचे. प्रायश्चित्त म्हणून सकाळची न्याहारी बंद. संध्याकाळपर्यंत पोट इतके रिकामे झालेले असे, की खाण्यावर तुटून पडायला एखादे किरकोळ कारणही पुरे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरे काही उरेना. पुढे पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावरही त्यांच्यातल्या काहींना कितीही खाल्ले तरी तृप्ती वाटत नव्हती. त्यांना कोणी दुबळ्या मनाचे म्हणणार नाही, मग तू स्वतःला का म्हणतोस?

ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि गोड-तेलकट खाण्याची ओढ लागते. झोप अपुरी पडली तर भूक चाळवणारे घ्रेलिनही वाढते. खाल्ल्याने घटकाभर बरे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून आधी जेवणाच्या वेळा सांभाळ, दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांहून अधिक अंतर पडू देऊ नकोस, आणि आदल्या रात्री कितीही खाल्ले असले तरी सकाळची न्याहारी चुकवू नकोस. एवढे करूनही अवेळी ओढ लागली, तर ताट घेऊन खाली बस आणि पहिल्या घासाआधी वहीत एकच शब्द लिही: राग, कंटाळा, एकटेपणा, जो असेल तो. नुसते ‘वाईट वाटले’ चालणार नाही, कारण रागावर उतारा वेगळा आणि एकटेपणावर वेगळा. त्यानंतरही खावेसे वाटले तर खुशाल खा.

मात्र ताबा सुटून खाणे आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि असे तीन महिने चालले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. हा आजार म्हणून ओळखला जातो आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेले मुद्दाम ओकून टाकत असशील, तर तीन महिन्यांची वाट पाहू नकोस.

पुढच्या पत्रात वजनाचा आकडा नको. सकाळी किती वाजता न्याहारीला बसलास, तेवढे कळव.

तुझा हितचिंतक