नवोदयच्या, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या, परीक्षेच्या तयारीसाठी मुलाला गावातल्या शाळेतून काढून सांगलीत घालावं का? क्लास कुठला लावावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा मिरज तालुक्यातल्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे, गणितात हुशार आहे, आणि भाऊ म्हणतोय सांगलीत खोली घे, पाचवीला तिथं घाल, म्हणजे क्लासही लावता येईल. क्लासचं मागाहून बोलू. आधी एवढंच ऐका, त्याचा दाखला काढू नका.

खानापूर तालुक्यात विट्याजवळ आमचं गाव. थोरला तिसरी पास झाला त्या मे महिन्यात मेव्हणे सुट्टीला आले होते. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात वीस वर्षं तमिळनाडूत काढलेला माणूस, त्यांच्या शब्दाला घरात वजन. म्हणाले, "दाजी, पोरगं हुशार आहे, या शाळेत त्याचं वाटोळं करू नका." मलाही पटलं. दाखला मागायला गेलो तर गुरुजी म्हणाले, "नवोदयला बसवायचा असंल तर पाचवीपर्यंत हितंच राहू द्या." मला वाटलं, पट कमी होतोय म्हणून अडवतायत. का, ते विचारलंसुद्धा नाही. दाखला घेतला, विट्यात खोली केली, पोराला इंग्रजी शाळेत घातलं.

पाचवीत फॉर्म भरायची वेळ आली. मुख्याध्यापकांच्या सहीचा एक कागद असतो, त्यात तिसरी, चौथी, पाचवी कुठल्या शाळेत झाली आणि ती शाळा ग्रामीण भागात की शहरी, हे लिहावं लागतं. तिसरी ग्रामीण. चौथी शहरी. पाचवी शहरी. तो कागद हातात घेऊन मी पायरीवरच बसलो.

नियम असा आहे. नवोदयला सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या. आणि ग्रामीण कोण, तर ज्याची तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण शाळेत गेली तो. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला तरी मूल शहरी धरतात. तुमचं घर, शेत, रेशनकार्ड गावातलं असून काही उपयोग नाही, बघतात ती शाळा. विटा नगरपालिकेचं गाव, म्हणजे आमचा पोरगा शहरी. उरलेल्या जागांसाठी तो बसला आणि यादीत नाव आलं नाही. सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते.

धाकटीच्या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही. ती पाचवीपर्यंत गावातच शिकली, त्याच गुरुजींकडं. बुद्धिमत्तेच्या भागात कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसं दिसेल, असे प्रश्न असतात. पुस्तकातलं चित्र बघून तिला ते काही केल्या उमगेना. द्राक्षाच्या घडांना लावायला आणलेल्या जुन्या पेपरांचा गठ्ठा पडवीत होता. त्यातलाच एकेक कागद घेऊन ती घडी घालायची, छाटणीच्या कात्रीच्या टोकानं भोक पाडायची, आधी पाटीवर ठिपके काढायची आणि मग कागद उलगडून ताडून बघायची. पंधरा दिवसांत कागदाची गरज राहिली नाही. आज ती पलूसला नवोदयमध्ये आहे. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारचं.

आता क्लासचं. माझ्या मते लावूच नका. पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण. त्यात निम्मे 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे आणि तेही सगळे आकृत्यांचे, 20 गणिताचे, 20 भाषेचे. भाषेत उतारे वाचून उत्तरं द्यायची, पेपर मराठीतून देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा सोडायचा नाही. लसावि-मसावि, अपूर्णांक, नफा-तोटा हे स्कॉलरशिपची तयारी करून घेणारा कुठलाही चांगला गुरुजी शिकवतो. त्यासाठी खोलीभाडं भरून आईनं एकीकडं आणि बापानं एकीकडं राहायचं काही कारण नाही. आम्ही दोन वर्षं तसं राहिलोय.

मेव्हणे अजून म्हणतात की थोरला तसाही लागला नसता, ग्रामीणमधून बसला असता तरी. असेल. ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण गावातली शाळा म्हणजे वाटोळं, हे जे ते बोलले होते ते खोटं होतं, आणि धाकटीनं ते दाखवून दिलंय.

एक राहिलं. शहरातली मुलंही नवोदयला लागतात, अजिबात नाही असं नाही. तुमच्या गावच्या शाळेत खरंच शिकवायला कुणी नसेल तर शाळा बदला, पण दुसरी शाळाही खेड्यातलीच बघा, आणि सांगली जिल्ह्यातलीच, कारण पाचवी ज्या जिल्ह्यात त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं. शिवाय नवोदयमध्ये वरच्या वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं. आमच्या मुलीला ते पहिले काही महिने जड गेलं, हे लपवत नाही. दर वर्षीच्या माहितीपत्रकात ग्रामीण-शहरीचं कलम असतं. ते भावाला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवा.