सासूबाईंच्या रिमोटसाठी डीव्हीडी

प्रश्न : २००४ मध्ये इंदुरात झालेलं आमचं लग्न आणि पुढे सासऱ्यांची पंचाहत्तरी, अशा मिनी-डीव्ही कॅसेट घरात होत्या. भाच्याने त्या फायरवायर केबलने संगणकात उतरवून दिल्या. लग्न १ तास २० मिनिटं, पंचाहत्तरी ५० मिनिटं. संगणकावर लिनक्स मिंट आहे. सासूबाई ८४ वर्षांच्या. मोबाइल त्यांना जमत नाही, पण टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर त्या स्वतः लावतात. मी मोबाइलसाठी लहान केलेली फाइल ब्रासेरो या डिस्क राइट करणाऱ्या सॉफ्टवेअरने डिस्कवर टाकली. ती संगणकावर चालली, प्लेअरने मात्र घेतली नाही. कोणतं सॉफ्टवेअर वापरू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्याकडून डेटा डिस्क तयार झाली. साध्या डीव्हीडी प्लेअरला फाइल नको असते, त्याला ठरलेली रचना लागते. व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर, त्यात प्लेअरला वाट दाखवणाऱ्या आयएफओ आणि त्यांच्या राखीव प्रती म्हणजे बीयूपी फाइली, आणि चित्र-आवाजाच्या, १ जीबीच्या आत तोडलेल्या व्हीओबी फाइली. चित्र एमपेग-२ मध्ये, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीप्रमाणे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. ही रचना उभी करणं हे एक काम आणि ती डिस्कवर राइट करणं हे दुसरं. के-थ्री-बी हे सॉफ्टवेअर दुसरं काम उत्तम करतं, पण त्याला तयार फोल्डर हातात द्यावा लागतो. ब्रासेरोत व्हिडिओ प्रोजेक्टची सोय आहे, पण मेनू मनासारखा मांडायला ती अपुरी पडते.

तुम्ही डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर घ्या, ते रचना आणि मेनू उभा करतं. डीव्हीडी हौसेने करणारे पुष्कळ जण डीव्हीडीऑथर थेट टर्मिनलवरून चालवतात. मीही चालवतो. त्यात हवं ते करता येतं, पण रचनेच्या सूचना एक्सएमएल भाषेत हाताने लिहाव्या लागतात. डेव्हेडे सोपं आहे: फाइली टाका, डिस्कवर बसेल असा बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट) ते स्वतः काढून देतं, मेनू म्हणजे नावांची साधी यादी. घाई असती तर तेच सुचवलं असतं. पण तुमच्या घरी रिमोट ८४ वर्षांच्या बाईंच्या हातात आहे, म्हणून सगळा विचार मेनूचा करायचा. डीव्हीडीस्टायलरमध्ये बटणं माउसने उचलून हवी तिथे ठेवता येतात, हवी तेवढी मोठी करता येतात.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो? माझी मावशी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहायची. २००९ मध्ये तिच्या साठीची डिस्क करून मी तिला पाठवली. डिस्क डीव्हीडी-प्लस-आर होती आणि तिच्या जुन्या प्लेअरला ती वाचताच येत नव्हती. मावशी दोन महिने कुणाला काही बोलली नाही. तिला वाटत राहिलं, आपलंच बटण चुकतंय. तेव्हापासून मी जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर सोडून दुसरी डिस्क घेत नाही, आणि ज्याच्यासाठी केली त्याच्याच प्लेअरवर चालवून पाहिल्याशिवाय काम झालं असं म्हणत नाही.

आता तुमच्या लग्नाकडे येऊ. मोबाइलची फाइल बाजूला ठेवा आणि भाच्याने उतरवलेली मूळ डीव्ही फाइलच घ्या. ती ७२० बाय ५७६ चीच असते, म्हणजे चित्र ताणावं-दाबावं लागत नाही. नवा प्रोजेक्ट उघडताच पाल आणि ४:३ निवडा (तुमचं चित्रण रुंद पडद्याचं नसेल असं धरतो), आवाजाचा प्रकार एसी-३. दोन्ही प्रसंग एका डिस्कवर कोंबू नका. ४.७ जीबीच्या डिस्कवर २ तास १० मिनिटं बसवायची तर सेकंदाला जेमतेम साडेचार मेगाबिट वाट्याला येतात, आणि अक्षतांच्या वर्षावात, वरातीच्या दिव्यांत चित्राचे चौकोन फुटतात. एकटं लग्न ठेवलंत तर सात मेगाबिट सहज देता येतात. पंचाहत्तरीला आठ द्या, त्यापुढे जाऊ नका. मर्यादा ९.८ ची असली तरी जुने प्लेअर तिथवर नेले की अडखळतात.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. डीव्ही चित्रात प्रत्येक फ्रेमचे दोन भाग असतात आणि खालच्या ओळींचा भाग आधी येतो. रूपांतरात हा क्रम उलटा झाला तर हलणारे हात थरथरतात. संगणकाच्या पडद्यावर हे कळत नाही, टीव्हीवर लगेच दिसतं. म्हणून आधी वरातीचा दोन मिनिटांचा तुकडा पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर करून सासूबाईंच्या प्लेअरवर पाहा. प्लेअर आरडब्ल्यू घेत नसेल तर एक डीव्हीडी-आर खर्ची घाला. जेल रोडवर सुटी डिस्क मिळाली तर गड्डी घ्यायचीही गरज नाही.

मेनूवर चारच बटणं ठेवा : पूर्ण लग्न, मंगलाष्टकं, सप्तपदी, विहिणीची पंगत. अक्षरं ठळक आणि कडांपासून बरीच आत, कारण जुने टीव्ही चारही बाजूंनी चित्र कापतात. देवनागरी जोडाक्षरं बटणात नीट उमटली नाहीत तर मेनूची पाटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणून करा आणि पार्श्वभूमीला लावा. दर पाच मिनिटांनी आपोआप चॅप्टर पाडायची सोय आहे, ती वापरू नका. कुठला विधी कुठे सुरू होतो हे सासूबाईंना शेजारी बसवून विचारा आणि तिथेच चॅप्टर टाका. त्या बसल्या की पंगतीत कोण कोण आहे तेही सांगतील. ती नावं वहीत उतरवून घ्या. इतक्या वर्षांनी ती सगळी ओळखणारं दुसरं कुणी तुमच्या घरात उरलं आहे का?

शेवटी थेट राइट न करता आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल बनवा. व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मेनू बाणांच्या कळांनी फिरवून पाहा, मग के-थ्री-बीने ४एक्स किंवा ८एक्स वेगाने राइट करा आणि लिहिलेलं पडताळण्याची खूण चालू ठेवा. तीन प्रती करा. डीव्ही फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि कॅसेट भंगारात देऊ नका. डीव्हीडी ही दाबून लहान केलेली प्रत आहे, खरं चित्र डीव्ही फाइलींत आणि त्या कॅसेटवरच आहे.