आभाळातला दिवा अन् पोलिसात खबर

प्रश्न : मागच्या आठवड्यात रात्रीची लाईट होती म्हणून आठलाच आखाड्यावर गेलो, हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाईप बदलायलो होतो तर पश्चिमेला एक लख्ख दिवा, जागचा हलायचं नाव नाही, तासाभरात खाली खाली जाऊन गायब. भाचा म्हणतो एलियन, अमेरिकेचं सैन्यपण चौकशी करायलंय. चुलते म्हणतेत ड्रोन. पोलिसात सांगावं का? अन् आपलं सैन्य असलं तपासतं का?
– एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : दादा, तपासतं की. लडाखमध्ये चीनच्या सीमेवर ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ मध्ये जवानांनी असे दिवे ३२९ वेळा नोंदवले, संशय चिनी ड्रोनचा, शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ बोलावले अन् निघालं काय, तर शुक्र आणि गुरू! हसू नका, तिकडं हवा विरळ, ग्रह जास्तच झळकतात, अन् पहाऱ्यावरच्या माणसानं दिसलं ते लिहायचंच असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंफाळ विमानतळावर काहीतरी दिसलं तर विमानं थांबवून राफेल पाठवली होती, हाती काही लागलं नाही.

भाचा अर्धा बरोबर आहे. अमेरिकेच्या हवाई दलानं १९४७ ते १९६९ मध्ये अशा दिव्यांच्या १२,६१८ नोंदी तपासल्या, ७०१ चा उलगडा झाला नाही. उलगडा नाही म्हणजे एलियन नाही बरं का, माहिती कमी पडली एवढंच. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं २०२२ मध्ये परत त्यासाठी खास ऑफिस काढलं, कारण भीती परग्रहाची नाही तर दुसऱ्या देशांच्या यंत्रांची, २०२३ मध्ये चीनचा बलून त्यांच्या देशावरून आरामात फिरून गेला, मग समुद्रावर पाडला. एलियनचा पुरावा त्या ऑफिसला काही सापडला नाही.

चुलत्यांनाही वेड्यात काढू नका. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडं रात्रीच्या ड्रोननी गावंच्या गावं जागवली होती. पण ड्रोन घरघरतो, बहुतेकांना लाल-हिरवे लुकलुकणारे दिवे असतेत, अन् बॅटरीवर तासभर एका जागी थांबणं साध्या ड्रोनचं काम नाही. खाली घिरट्या घालणारं काही दिसलं तर ११२ ला सरळ फोन लावा, वेळ अन् दिशा सांगा. मोबाईलवर झूम करून व्हिडिओ तेवढा काढू नका, त्यात ठिपक्याची ताटली होते अन् मग ग्रुपवर रात्रभर तेच.

तुमचा दिवा मला तरी शुक्रच वाटतोय. उद्या त्याच वेळेला, त्याच लिंबाच्या नाहीतर खांबाच्या रेषेत उभं राहून बघा, तिथंच असला तर पोलिसांना कशाला उठवता.