उन्हाळा सरताना बाग रिकामी का होते?

प्रश्न : जूनमध्ये आमची बाग फुलांनी लगडलेली असते. ऑगस्ट उजाडला की नुसता पाला. खत कमी पडतंय का?

खताचा दोष नाही, खरेदीच्या दिवसाचा आहे. थंड हवामानात, जिथे उन्हाळा ऑगस्टअखेर सरतो, बहुतेक जण वसंतात रोपवाटिकेत जातात आणि त्या दिवशी जे फुललेलं दिसेल तेच उचलतात. मग सगळं एकदम फुलतं आणि एकदम ओसरतं. पुढच्या खेपेला निव्वळ पानांवर असलेली रोपंही घ्या : हेलेनियम, इचिनेशिया, ॲस्टर, सेडम, रुडबेकिया. ही सगळी बहुवर्षायू आहेत, एकदा रुजली की दरवर्षी जमिनीतून पुन्हा वर येतात. एकच घ्यायचं असेल तर मी रुडबेकियाची ‘गोल्डस्टुर्म’ ही जात सांगेन. साधारण ६० सेंमी उंची, गडद तपकिरी डोळ्याची पिवळीधमक फुलं, आणि बहर कित्येक आठवडे टिकतो.

प्रश्न : दारातल्या दिव्याजवळची शेवंती भरपूर वाढली, पण कळी धरत नाही. मागच्या अंगणातली मात्र फुलली.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान आणि रात्री लांब होऊ लागल्या की ती पाला वाढवायचं थांबवून कळ्या धरते. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी तिच्या लेखी ती लांब रात्र मोडते. फुलशेती करणारे हेच ओळखून दिवे लावून बहर पुढे ढकलतात आणि काळं कापड झाकून तो लवकर आणतात. तुम्ही दिवा रात्री बंद ठेवा, नाहीतर झाड हलवा. आणि शेंडे खुडत असाल तर जुलैच्या मध्यानंतर हात आवरा, नाहीतर येणाऱ्या कळ्याच खुडल्या जातील.

प्रश्न : सेडम फुलायच्या वेळी मधोमध फाकून आडवं पडतं. आधार देऊ का?

त्याचे लाड कमी करा. सकस माती, सावली आणि जास्त पाणी मिळालं की त्याचे दांडे लुसलुशीत होतात आणि फुलांचा भार पेलत नाहीत. भरपूर ऊन आणि चांगला निचरा एवढं त्याला पुरतं. शिवाय मेअखेरीस दांडे एक तृतीयांशाने छाटा. झाड बुटकं आणि दणकट होतं, फुलं जरा उशिरा येतात. मी अर्धेच दांडे छाटते, म्हणजे न छाटलेले आधी फुलतात, छाटलेले मागाहून, आणि एकाच झाडावर बहर लांबतो.

प्रश्न : फ्लॉक्सच्या पानांवर पांढरी भुकटी दिसते.

ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. वसंतात फुटवे विरळ करून वारा खेळू द्या, माती कोरडी पडू देऊ नका. नवं रोप घेणार असाल तर पांढऱ्या फुलांची ‘डेव्हिड’ जात घ्या, तिच्यावर भुरी कमी येते.

प्रश्न : इचिनेशियाची सुकलेली फुलं काढायची का?

सुरुवातीची काढा, नव्या कळ्या येतात. शेवटची मात्र राहू द्या. त्या काटेरी बोंडांतलं बी टिपायला फिंच पक्षी हिवाळ्यातही येतात.