नदीच्या ठरावाआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुमच्या नदीला ‘कॅनेडियन हेरिटेज रिव्हर’ म्हणून मान्यता मिळावी, यासाठी पाठिंब्याचा ठराव काउंटी कौन्सिलपुढे, म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या निवडून आलेल्या मंडळापुढे, येतोय आणि त्याचं टिपण तुझ्याकडे आलंय, हे वाचून फार बरं वाटलं. ऑन्टारिओतल्या नियोजन खात्यांत माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून हक्काने लिहितो.

या मान्यतेमागे कायद्याची सक्ती नाही, हे आधी नीट समजून घे. केंद्र सरकार, प्रांत आणि टेरिटरीज यांनी मिळून १९८४ साली हा कार्यक्रम सुरू केला. आधी नदीचं नाव सुचवायचं, मग तिचं मोल कसं जपणार याचा आराखडा करायचा, तो पसंत पडला की मान्यता. जमिनीची मालकी बदलत नाही, नवा परवाना येत नाही. त्यामुळे मोह असा होतो की शेतकऱ्यांना सांगावं, ‘याने काही होणार नाही’ आणि नदीसाठी झटणाऱ्यांना सांगावं, ‘याने नदी वाचेल’. पण दोघंही त्याच सभागृहात बसलेले असतात. दोघांना एकच सांग: मान्यतेने नदी वाचत नाही, आराखड्यात आपण जे लिहू आणि त्यासाठी दरवर्षी बजेटमध्ये जे पैसे धरू, त्याने वाचली तर वाचेल. या पत्रातलं दुसरं काही विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

विरोध करणाऱ्यांना अडाणी समजू नकोस. सभेत एखादा गाईम्हशींचा नाहीतर मक्याचा शेतकरी उठतो. हातात शेताचा नकाशा, त्यावर जमिनीखालच्या निचऱ्याच्या पाइपांच्या लाल रेघा. तो विचारतो, ‘हे पाइप जिथे ओढ्यात उतरतात, तिथे उद्या ओटावाचा माणूस येऊन उभा राहणार का? कुंपण किती मागे घ्यायचं?’ त्याच्या हातात माहितीपत्रक ठेवून मोकळी होऊ नकोस. निळ्या आणि लाल पूररेषेवरून किती रान पेटतं, ते तू पुण्यात पाहिलं आहेस. इथे पूरक्षेत्रात बांधकाम किंवा भराव करायचा तर कन्झर्वेशन ऑथॉरिटीची, म्हणजे नदीखोऱ्याची देखभाल करणाऱ्या स्थानिक संस्थेची, परवानगी लागते, आणि या संस्थांचा कायदा १९४६ पासून आहे. त्याच्याच नकाशावर आज लागू असलेली हद्द पेन्सिलने काढून दाखव, आणि मग सांग की तीत एका फुटाचीही भर पडणार नाही. राग बहुतेकदा जुन्या नियमांचा असतो, तो नव्या नावावर निघतो.

अमेरिकेत हेच झालं. १९९७ साली क्लिंटन यांनी ‘अमेरिकन हेरिटेज रिव्हर्स’चा आदेश काढला. त्यातही नवे नियम नव्हते, भाग घेणं ऐच्छिक होतं. तरी आयडाहोच्या खासदार हेलन चेनोवेथ आणि त्यांचे काही सहकारी कोर्टात गेले. १९९९ मध्ये अपील कोर्टाने, दावा लावण्याचा अधिकारच त्यांना पोहोचत नाही, असा निकाल दिला. निकाल लागला, पण जमीनमालकाच्या मनातली शंका काही निकालाने जात नाही.

ऑन्टारिओतल्याच ग्रँड नदीची कागदपत्रं मात्र जरूर वाच. किचनर, केंब्रिज, ब्रँटफर्ड अशी भरवस्तीची गावं काठावर असूनही तिला १९९४ साली मान्यता मिळाली. वेस्ट मॉन्ट्रोजचा छपराचा लाकडी पूल लोक कौतुकाने दाखवतात, दाखवावाच. पण त्याच नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैलांची जमीन ब्रिटिश गव्हर्नर हल्डिमंड यांच्या १७८४ च्या घोषणेने सिक्स नेशन्सना, म्हणजे सहा आदिवासी राष्ट्रांच्या संघाला, दिली होती, आणि आज त्यातली जेमतेम पाच टक्के त्यांच्या ताब्यात उरली आहे. मग वारसा कुणाचा, हा प्रश्न कुणी विचारलाच तर टिपणात त्याला जागा हवी. तुमच्या नदीकाठी ज्या आदिवासी राष्ट्रांचा हक्क आहे, त्यांच्याकडे आत्ताच जा. ठराव मंजूर झाल्यावर पत्र पाठवणं म्हणजे लग्न लागल्यावर आमंत्रण देणं.

शेजारच्या नगरपालिकांनाही आधी भेट. ओटावा नदीच्या पलीकडच्या काठावरचा क्विबेक प्रांत या कार्यक्रमात नसल्यामुळे २०१६ साली तिच्या फक्त ऑन्टारिओकडच्या ५९० किलोमीटरला मान्यता मिळाली. नदी एकच, पण एक काठ यादीत आणि दुसरा बाहेर.

टिपणाला खर्चाचं पान जोडायला विसरू नकोस. आराखडा कोण लिहिणार, तो पुढे कोण सांभाळणार, दर दहा वर्षांनी जो आढावा द्यावा लागतो तो कुणाच्या टेबलावर येणार, हे वॉर्डन, म्हणजे कौन्सिलचे प्रमुख, विचारणारच. ‘स्वयंसेवक करतील’ असं उत्तर लिहू नकोस. पद आणि रक्कम लिही. मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी रात्री बसून वाचतो.

तुझा,
काका