वास आला म्हणजे काम झालं

२०२४ च्या नवरात्रानंतरची गोष्ट. अडीच वर्षांच्या मुलाची आई समोर येऊन बसली आणि पर्समधून झिपवाली प्लास्टिकची पिशवी काढून तिनं माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर ठेवली. आत बाळाची गोधडी, घडी करून कोंबलेली. "ताई, वास घेऊन बघा. घोडियाघरातून रोज अशी परत येते. मी नोकरी सोडू का?"

(बडोद्याबाहेरच्यांसाठी: पाळणाघराला इथे घोडियाघर म्हणतात, आणि आम्ही इथली मराठी माणसंही तेच म्हणतो. घोडियुं म्हणजे झोळीचा पाळणा.)

मी पिशवी उघडली नाही. चूक तिथेच झाली.

"नोकरी सोडू का" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं सगळं पाठ असल्यासारखं वाटतं. घरात कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, आईला आधीच आतून टोचत असतं, आणि मग खोकला, पुरळ, वास, काहीही निमित्त पुरतं. तसं इथेही होतंच. सासर दांडिया बाजारातलं, सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे नातवामागे धावणं त्यांना जमत नाही. पण "परक्याच्या दारात लेकरू टाकलं" हे त्यांचं वाक्य दिवसाआड ऐकू यायचं. मी दोन बैठका या अपराधीपणावरच घालवल्या. झोप, नवऱ्याशी कामाची वाटणी, सासूबाईंना उत्तर कसं द्यायचं. ती मान हलवायची आणि जाताना पिशवी परत पर्समध्ये ठेवायची. तिसऱ्या वेळी मात्र चिडली. "ताई, तुम्ही अजून वास घेतला नाहीत."

घेतला. रॉकेलसारखा उग्र, नाकात झोंबणारा. आणि त्याच्याखाली अजून एक वास होता, कुठेतरी ओळखीचा, पण त्या वेळी माझी ट्यूब पेटली नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा हे तळमजल्यावरचं घोडियाघर आठवडाभर बंद होतं. उघडलं ते झुरळं, मुंग्या आणि डास यांच्यासकट. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, मुलं यायच्या आधी अर्धा तास, फरशीवर आणि भिंतीच्या कडांना औषधाचा फवारा. नऊला मुलं येतात, अकराला त्याच फरशीवर गाद्या पडतात. ही बाई रात्री मोबाइलवर वाचत बसायची. क्लोरपायरीफॉस नावाचं कीटकनाशक, मुलांची बुद्धी, अमेरिकेतलं संशोधन. "याच्या मेंदूवर झाला असेल का परिणाम?" हा खरा प्रश्न होता. नोकरीचा प्रश्न त्याचं पांघरूण.

मी डॉक्टर नाही. आधी तिला मुलाच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासलं, वाढ बघितली, बोलणं ऐकलं, रक्तबिक्त काही काढलं नाही. मूल खणखणीत. पण "काही होत नाही हो" एवढ्यानं आईचं समाधान होत नसतं, आणि ते म्हणणं खरंही नाही. म्हणून जेवढं पक्कं ठाऊक होतं तेवढं तिला सांगितलं. ज्या क्लोरपायरीफॉसबद्दल ती वाचत होती, त्याचा घरगुती वापर अमेरिकेत २००० सालच्या करारानंतर थांबवत नेला. तिनं वाचलेला न्यूयॉर्कमधला अभ्यास पोटात असताना संपर्क आलेल्या मुलांचा होता. तिच्या घोडियाघरात नेमकं कुठलं औषध मारतात हेच तिला माहीत नव्हतं. मेंदूपर्यंत पोचली होती, बाटलीपर्यंत नाही.

काळजीत तथ्य मात्र होतं. वजनाच्या मानानं लहान मूल आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं. त्याचं नाक जमिनीपासून हात-दीड हातावर, आणि हात सारखा तोंडात. बाहेर अंगणात ऊनपाऊस औषध मोडून टाकतात. बंद खोलीत ते धुळीत, गादीत, कापडी सशात चिकटून राहतं. आपण उंचावर उभे असतो, म्हणून वास विरला की आपल्याला वाटतं संपलं.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला आला होता. त्याला विचारलं, लहान मुलं असलेल्या जागी तू काय करतोस? त्यानं खिशातून जेलची सिरिंज काढून दाखवली. कपाटाच्या बिजागरीत, सिंकच्या खाली, फ्रिजच्या मागे मोहरीएवढे ठिपके. झुरळ खातं, बिळात जाऊन मरतं, दुसरी त्याला खातात, तीही मरतात. हवेत काही उडत नाही. मग सगळीकडे हेच का नाही करत? तो हसला. "पार्टीने वास जोईए, बेन." गिऱ्हाइकाला वास लागतो, ताई. वास आला नाही तर काम केलंच नाही असं वाटतं, म्हणून जेल लावूनही वरून फवारा मारून द्यावा लागतो. आणि त्या फवाऱ्याला बिचकून झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत! एवीतेवी फवाऱ्यानं झुरळाची अंडी मरत नाहीत. स्वयंपाकघरातल्या त्या बारक्या तांबूस झुरळाच्या एकेका अंडकोषात तीस-चाळीस पिल्लं असतात, आणि औषध त्या कवचातून आत जात नाही. म्हणून पुढच्या सोमवारी पुन्हा फवारा.

आता घोडियाघर चालवणाऱ्या बेनशी बोलायचं कसं? माझं काम खरं इथे सुरू झालं. मी बेन झाले, ती आई. पहिलंच वाक्य: "तुम्ही आमच्या मुलांवर विष मारता." मी, म्हणजे बेन, लगेच म्हटलं, "मग दुसरीकडे घाला." संवाद संपला. पाच-सहा वेळा केलं तेव्हा कुठे तिच्या तोंडून आलं: "बेन, पुरानंतर तुम्हाला झुरळांचा फारच त्रास झाला ना? औषध कुठलं वापरता, बाटली दाखवाल?" एवढंच. बाटली, वेळ आणि जागा, तीनच गोष्टी विचारायच्या. निकाल द्यायचा नाही.

ती गेली, आणि बेन रडल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुणा पालकानं भिंतीवरच्या झुरळाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता, दोन मुलं काढून घेतली होती. त्या दिवसापासून बेन स्वतः सकाळी येऊन फवारत होत्या, तोंडाला ओढणी बांधून, आणि त्यांचंच डोकं दुपारपर्यंत दुखायचं. दोन बाया, दोघी घाबरलेल्या, आणि मध्ये ती गादी.

बाटली बघितल्यावर मात्र माझ्या आईची (माझ्या म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या) पाचावर धारण बसली. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, त्यात दुकानदारानं मापून दिलेलं सुटं औषध. लेबल नाही, नाव नाही. ठेवायची जागा सिंकखाली, भांड्यांच्या साबणाशेजारी. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मीही तिला धीरबिर दिला नाही. म्हटलं, आजच्या आज ती तिथून हलव. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली, ते मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक स्वयंपाकाच्या तेलातून आलं होतं. औषध आणि खाणं एका फळीवर आलं की काय होतं त्याला याहून वेगळा दाखला नको. कंपनीच्या मूळ डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्रिकोणच नसेल तर ती वस्तू मुलांच्या जागेत येता कामा नये, मग वास कितीही "साफसफाईचा" असो. आणि चुकून मुलाच्या तोंडात गेलंच तर उलटी करवायची नाही, १०८ लावायचा, बाटली बरोबर न्यायची. लाळ गळणं, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं दिसलं तर एक मिनिटही थांबायचं नाही.

पुढचं बेननीच केलं, आणि भराभर केलं. सिंकखालचा गळका पाइप बदलला. झुरळाला खाण्याआधी पाणी लागतं. फरशीच्या फटी व्हाइट सिमेंटनं बुजवल्या, मोरीला जाळी लावली, डबे खायची एकच जागा ठरवली, उष्टं रात्रीपर्यंत राहू द्यायचं नाही. परवानाधारक माणसाकडून जेल. कोरडा झाडू बंद करून ओलं पुसणं, गाद्या पलंगपेटीत, खाण्याआधी हात धुणं. डासांसाठी कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या. फॉगिंगच्या धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाही. फवारा मारायची वेळ आलीच तर शनिवारी संध्याकाळी, मुलांच्या वस्तू झाकून, म्हणजे रविवारभर खिडक्या उघड्या राहतात. आणि दारावरच्या फळ्यावर आधी लिहायचं: काय, कुठे, कधी. ही शेवटची कल्पना माझी नाही. कॅलिफोर्नियात शाळांसाठी कायदाच आहे, २००० सालचा, आणि पुढे पाळणाघरंही त्यात आली. नोंद केलेल्या पालकांना ७२ तास आधी कळवायचं, दारावर पाटी लावायची. जेल किंवा बंद डबीतलं आमिष असेल तर त्यातून सूट. आपल्याकडे तसं बंधन आहे की नाही याची वाट कशाला बघायची, खडूनं लिहायला काय जातं?

महिनाभरानं ती आली तीच पिशवी घेऊन. "ताई, तिकडे फवारा बंद झालाय. तरी वास आहे."

मी हुंगलं, आणि आता ओळखला. डांबरगोळ्या! बाळाच्या दोन गोधड्या, दोन्ही आजींनी, म्हणजे सासूबाईंनी, शिवलेल्या. एक वापरात असली की दुसरी आजींच्या पत्र्याच्या ट्रंकेत, गोळ्यांच्या सोबतीला. रॉकेलचा वास घोडियाघराचा होता, खालचा घरचा. आणि घरी गेल्यावर आणखी काय काय निघालं: पलंगाखाली रात्रभर कॉइल, धान्याच्या डब्यांभोवती झुरळांच्या खडूच्या रेघा, आणि तो अर्धा खडू खिडकीत, मुलाच्या पाटीच्या खडूंशेजारी. दिसायला सारखाच. "मी तिकडे भांडायला निघाले होते," ती म्हणाली, आणि हसावं की रडावं तिला कळेना. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. काही मुलांत जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. आणि पांढऱ्या गोळीला मूल पेपरमिंट समजतं ते वेगळंच.

आता सासूबाईंना हे कोण सांगणार? पुन्हा आम्ही दोघी बसलो, या खेपेला मी आजी झाले. आजीची गोधडी ही साधी वस्तू नाही. तिला विष म्हटलं की सगळंच विष होतं. शेवटी ती घरी एवढंच म्हणाली, "आई, गोधडीला तुमच्या साडीचा वास यायला हवा, हा कसला येतोय?" आजींनी ट्रंक गच्चीवर नेववली, गोळ्या काढल्या, दोन दिवस ऊन दाखवलं. कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली. खडू मात्र अजून माळ्यावर आहे म्हणे, "कधी लागला तर". चालायचंच. मुलाच्या हाताला लागत नाही एवढं पाहिलंय.

नोकरी तिनं सोडलेली नाही. तो विषय नंतर निघालाच नाही.

परवा बेनचा फोन. प्रवेशासाठी एक जोडपं आलं होतं, त्यांनी सगळं फिरून बघितलं आणि विचारलं, "इथे वास कसा नाही येत? पेस्ट कंट्रोल करता ना?" बेन मला म्हणाल्या, "हवे एमने शुं कहुं? (आता यांना काय सांगू?) तुम्हीच या शनिवारी पालकांशी बोलायला." जाणार आहे. सोसायटीतल्या त्या माणसाकडून एक रिकामी सिरिंज मागून ठेवलीय, दाखवायला.