आवृत्तीचा आकडा कधी वाढवायचा

तुझा कालचा बदल पाहिला. नवीन फंक्शन घातलंस, जुन्या कशालाच हात लावला नाहीस, तरी थेट २.०.० केलंस. तिथं १.४.२ चं १.५.० पुरे होतं. नुसती चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढव. पहिल्याला मात्र जपून हात लाव.

आपली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात ती तयार फंक्शनची फाइल, मोंढ्यातल्या आडत दुकानांच्या बिलिंगखाली चालते. एका वर्षी मी पावतीच्या स्ट्रक्चरमध्ये (मेमरीत ओळीनं मांडलेल्या रकान्यांमध्ये), वजन आणि भाव यांच्या मधोमध, ओलाव्याचं फील्ड घातलं. एकाही फंक्शनचं नाव बदललं नव्हतं, म्हणून एसओनेम, म्हणजे प्रोग्राम लायब्ररीची फाइल ज्या नावानं शोधतो ते नाव, तसंच ठेवलं. ऐन सोयाबीनच्या हंगामात जुने प्रोग्राम नवी फाइल उचलायला लागले आणि भावाच्या जागी ओलावा वाचू लागले. क्विंटलला ४६०० ऐवजी १२ रुपये! शेतकरी काट्यापाशी ताटकळले. ते चेहरे मला अजून आठवतात. आमच्याकडं सगळं नव्यानं कंपाइल केलेलं, म्हणजे नव्या मांडणीप्रमाणं मशीनच्या भाषेत आणलेलं, त्यामुळं इथं काही बिघडलेलं दिसेचना.

तेव्हा स्वतःला एवढंच विचार: आधीच कंपाइल झालेला प्रोग्राम, तसाच, नव्या फाइलवर बरोबर चालेल का? फंक्शन काढलंस, पॅरामीटरचा प्रकार बदललास किंवा बाहेर दिसणाऱ्या स्ट्रक्चरची मांडणी हलवलीस, तर नाही चालणार. मग पहिला आकडा वाढव आणि एसओनेममधलं .so.१ चं .so.२ कर. दोन्ही फाइली शेजारी नांदतात, जुन्या प्रोग्रामला जुनी मिळते.

शंका असली तर एबीआयडिफ, म्हणजे लायब्ररीच्या जुन्या-नव्या फाइलींतला असा फरक दाखवणारं साधन, चालवून बघ. आणि आकडा रिलीजच्या वेळीच वाढव, रोजच्या कमिटला नको.